सासूबाईंची ऐंशी आणि उषाकिरणमधला चहा

प्रिय ताई,
आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिवाजीगंजात राहतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंना ऐंशी पूर्ण होतील. धाकटे भावोजी इंग्लंडला असतात. ते म्हणतात, आईला उषाकिरण पॅलेसमध्ये नेऊ आणि तिकडच्या पद्धतीचा ‘आफ्टरनून टी’ करू, खर्च माझा. पुण्याच्या वन्सं म्हणतात, ऐंशी झाली म्हणजे सहस्रचंद्रदर्शन करायचं. होम, गुरुजी, दोनशे पानं. हॉटेल कशाला? सासूबाईंना विचारलं की एकच उत्तर, “माझ्यासाठी काही करू नका.” एकदा मात्र हळूच म्हणाल्या, “तो सरदारांच्या बायकांचा वाडा. मी आयुष्यभर बाहेरूनच पाहिला.” त्या शाळेत गाणं शिकवायच्या. आता कानाला यंत्र आहे, गुडघे दुखतात, साखर आहे, आणि अंड्याच्या पदार्थाला त्या शिवत नाहीत. दोन्हीकडचे फोन मलाच येतात आणि शेवटी राबायचंही मलाच आहे. काय करू?
— ग्वाल्हेरची एक सून

प्रिय सूनबाई,

तुमच्या पत्रात भावोजींचं म्हणणं आहे, वन्संचं आहे, पण मी थांबले ती सासूबाईंच्या त्या एका वाक्यापाशी. “आयुष्यभर बाहेरूनच पाहिला” असं ज्या बाई म्हणतात, त्यांना आत जायची इच्छा नाही असं मी मानणार नाही. त्यांना संकोच आहे, आणि तो खरा आहे. लष्करातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांनी शिंद्यांचं वैभव दसऱ्याच्या मिरवणुकीत पाहिलं, नाहीतर जयविलासच्या कुंपणाबाहेरून. जयाजीरावांनी 1874 मध्ये मायकेल फिलोसकडून तो महाल बांधून घेतला, पुढे प्रिन्स ऑफ वेल्स तिथे पाहुणा म्हणून आला, जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची, हे सगळं गावात पोराटोरांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि तिथल्या खुर्चीत बसणं वेगळं. शेजारचं उषाकिरण आता ताजचं हॉटेल आहे. तिथे कुणीही जाऊन चहा मागू शकतं. हे तुमच्या-माझ्या पिढीला सहज वाटतं, त्यांच्या पिढीला वाटत नाही.

तेव्हा माझं मत आधीच सांगते: चहा करा. आणि सहस्रचंद्रदर्शनही करा. ही दोन कार्यं एकमेकांच्या आड येतच नाहीत, कारण त्यांची वेळच निराळी आहे.

वन्संना हा हिशेब शांतपणे सांगा. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात, काटेकोर सांगायचं तर 29.53. अशा हजार पौर्णिमांचे होतात 29,530 दिवस, म्हणजे ऐंशी वर्षं आणि जवळजवळ दहा महिने. जानेवारीत सासूबाईंना ऐंशी पूर्ण झाली, तरी हजारावा पूर्ण चंद्र दिसायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडेल. काही घरांत ऐंशी पुरी झाली की लगेच विधी करतात, काही घरांत एक्क्याऐंशीवं लागल्यावर सवडीनं, आणि गुरुजींची मोजणी थोडी मागेपुढे होते; तुमच्या कुळात काय चालतं ते त्यांनाच विचारा. पण नोव्हेंबर ठरवायला शास्त्राची आडकाठी नाही, आणि सोय तर मोठी आहे. जानेवारीत दिल्ली ते ग्वाल्हेर धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडतात, पुण्याहून येणाऱ्या वयस्कर नातेवाइकांचे हाल होतील. दिवाळीच्या पुढेमागे हवा चांगली, मुलांना सुट्टी, होमासमोर दोन तास बसणंही सोसेल. ते संपूर्ण कार्य वन्संच्या हाती सोपवा. गुरुजी, यादी, पानं, कणकेचे दिवे, सगळं. लेकीला आईचं काहीतरी आपल्या हातानं करायचं आहे. हॉटेलला त्यांचा विरोध आहे त्यामागे बहुधा एवढंच आहे की भावानं परस्पर ठरवलं आणि आपल्या वाट्याला काही उरलं नाही.

आता चहा. सासूबाई “काही नको” म्हणतात कारण तुम्ही सगळे त्यांना “काय हवं?” असं विचारताय. या प्रश्नाला त्यांच्या पिढीच्या बाईकडे एकच सभ्य उत्तर आहे, आणि ते त्यांनी दिलंय. तुम्ही त्यांना विचारा, “कोण हवं?” दुपारी भाजी निवडताना, टीव्ही बंद असताना, एकट्यानं विचारा. “आई, चहाला चारपाच जणींना बोलवायचं ठरवलं तर कोणाला बोलवाल?” मला खात्री आहे, नावं येतील. शाळेत बरोबर शिकवणारी कुणी असेल, कंपू भागात राहणारी जुनी शेजारीण असेल, एखादी विद्यार्थिनी असेल जी आज स्वतः साठीची आहे. ऐंशीव्या वर्षी नातेवाईक पुष्कळ असतात, बरोबरीच्या मैत्रिणी उरलेल्या असतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि त्याही गुडघ्यांमुळे, रिक्षाच्या भीतीमुळे, मुलाला वेळ नाही म्हणून एकमेकींना वर्षवर्ष भेटत नाहीत. एकाच गावात राहून! भावोजींना खर्चच करायचा असेल तर पहिला खर्च या मैत्रिणींना घरून आणून घरी सोडणाऱ्या गाडीचा करू द्या. केक, फुलं, फुगे नंतर.

यादी दहा-बाराच्या वर जाऊ देऊ नका. कानाला यंत्र असलेल्या माणसाला मोठी पंगत म्हणजे नुसता गलका असतो. यंत्र सगळेच आवाज वाढवतं. कपबशांचा खणखणाट, मागच्या टेबलावरचं हसणं, भिंतीतून येणारं वाद्यसंगीत, सगळं एकदम कानावर आदळतं आणि शेजारी बसलेल्याचं वाक्य मात्र निसटतं. मग त्या हसून मान हलवत राहतात आणि आपण समजतो, आई खूश आहे. म्हणून कोपऱ्यातलं टेबल घ्या, त्यांची पाठ भिंतीकडे, खिडकीचा उजेड समोर बसणाऱ्यांच्या तोंडावर. ओठ दिसले की निम्मं ऐकू येतं. टेबल लांब नको, गोल हवं. हॉटेलला सांगून त्या वेळेपुरतं संगीत बंद करायला लावा. गाणं शिकवलेल्या बाईला पार्श्वसंगीत तसंही सोसत नाही.

आणि आता जे मला या पत्रात सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते. त्या दिवशी सासूबाईंना सत्कारमूर्ती करू नका, यजमानीण करा.

आपल्याकडे मोठ्या वाढदिवसाला काय होतं ते तुम्ही पाहिलंय. उंच खुर्ची, शाल, श्रीफळ, माणसांची रांग, भाषणं. ज्यांचा दिवस त्या मात्र दोन तास गप्प बसून नमस्कार घेतात. इंग्रजांचा हा दुपारचा चहा मला आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. 1840 च्या सुमाराला बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांनी तो रूढ केला असं सांगतात. दुपारचं खाणं लवकर आणि हलकं, रात्रीचं जेवण आठच्या पुढे, मध्ये चार-पाचच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायचे. आधी त्या आपल्या खोलीत एकट्याच चहा नि पावलोणी मागवायच्या, मग मैत्रिणींना बोलवू लागल्या. म्हणजे त्याची सुरुवात मुळी बायकांच्या गप्पांच्या बैठकीतून झाली. आणि त्या बैठकीची रीत अशी की किटली यजमानीणबाईंसमोर ठेवायची. चहा त्या ओततात, दूध किती, साखर किती, हे त्या प्रत्येकीला विचारतात. नोकर असले तरी.

सासूबाईंनी साठ वर्षं चहा केला असेल. स्वयंपाकघरात उभं राहून, ट्रे बाहेर पाठवून, स्वतःचा कप ओट्यावर गार होऊ देऊन. त्यांच्या वाट्याला चांगल्या खुर्चीत बसून, आपल्या माणसांच्या मध्ये, आपल्या हातानं चहा ओतायची वेळ फारशी आली नसणार. ती या दिवशी यावी. मात्र भरलेली चिनी मातीची किटली जड असते, ऐंशीव्या वर्षी मनगट थरथरतं. हॉटेलला लहान, दोन कपांच्या किटल्या मागा. पहिला कप त्यांनी ओतला, मैत्रिणीला दिला, की पुढचं वाढप्यांनी करावं.

पण थेट वाढदिवसालाच त्यांना त्या दारातून आत नेऊ नका. त्याआधी पंधरा दिवस, एखाद्या आडवारी, तुम्ही दोघीच जा. वाढदिवसाचं नाव काढू नका. “आई, महाराजबाड्यावर बाजारात काम आहे, येताना चहा घेऊ,” एवढंच. तुम्ही दोघी बसा, एक किटली मागवा, बाग पाहा, अर्ध्या तासात परत या. या भेटीत त्यांना दिसेल की दारावरचा माणूस अदबीनं नमस्कार करतो, कुणी कपड्यांकडे पाहत नाही, आणि पायाखालच्या गालिच्यावरून चालताना पडायला होत नाही. तुम्हालाही बरंच कळेल: गाडी किती जवळ लागते, पायऱ्या किती, हात धरायला कठडा आहे का, बैठकीपासून स्वच्छतागृह किती लांब. खुर्च्या बसून पाहाच. जुन्या महालांतले सोफे देखणे असतात पण खोल. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यातून उठताना दोघांनी ओढावं लागतं, आणि ते सगळ्यांसमोर व्हायला नको. सरळ पाठीची, हाताची खुर्ची निवडून ठेवा.

त्याच दिवशी, सासूबाई बागेत रमल्या असताना, तिथल्या व्यवस्थापकांना भेटून घ्या. अशी बैठक आगाऊ सांगून, माणशी दर ठरवून करून घेतलेली बरी. हॉटेलवाले आपल्याकडे तिला बहुधा ‘हाय टी’ म्हणतात आणि मग समोसे, पकोडे, पास्ता असलं सगळं मांडून मोकळे होतात. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामकऱ्यांचं संध्याकाळचं भरपेट जेवण होतं, जेवणाच्या उंच टेबलावरचं. भावोजींच्या मनात आहे ती तीन मजली तबकडी: खाली बोटभर सँडविच, मध्ये स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, वर छोटे गोड तुकडे. तेव्हा नावावर विसंबू नका, पदार्थ एकेक करून लिहून द्या.

अंड्याचं विशेष सांभाळा. केकमध्ये अंडं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो बिनअंड्याचा मागितला जातो. घोटाळा होतो तो सँडविचमधल्या मेयोनेजमध्ये, आणि स्कोनवर चकाकीसाठी जो अंड्याचा हात फिरवतात त्यात. स्कोन मुळात अंड्याशिवाय छान होतो. वरून दूध लावलं की झालं. आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. वरच्या मजल्यावरचे थरथरणारे मूस आणि जेली बहुतेक जिलेटिन घालून घट्ट करतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं. नुसतं ‘एगलेस’ म्हटलं तर ते तसंच येईल. ‘अंडं नाही, जिलेटिन नाही’ असं दोन्ही लिहून द्या.

काकडीचं सँडविच जरूर ठेवा. पातळ चकत्यांना किंचित मीठ लावून पाणी काढून टाकायचं, पावाला कडेपर्यंत लोणी लावायचं म्हणजे पाव ओला होत नाही. दात नसले तरी खाता येतं आणि कुणालाही परकं वाटत नाही.

साखरेच्या माणसाला या चहाची रीतच मदत करते: खालून वर खायचं, म्हणजे तिखटमीठाचं आधी आणि गोड शेवटी. पोटात आधी पनीर, काकडी, भाजी गेली की मागून आलेला गोडाचा तुकडा साखर एकदम चढवत नाही. दुपारचं जेवण मात्र चुकवू देऊ नका. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी राहणं धोक्याचं. नेहमीच्या वेळी थोडा वरणभात होऊ द्या. रात्री मेतकूट-भात पुरे.

चहा दोन प्रकारचा ठेवा. एक दार्जिलिंग, बिनदुधाचा, तीनेक मिनिटंच भिजवलेला, कारण जास्त वेळ राहिला तर कडवट होतो. आणि दुसरा सासूबाईंचा: आलं घातलेला, दुधाचा, उकळलेला. जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या थंडीत कुणाला तोच हवासा वाटला तर त्यात काही कमीपणा नाही. कृपा करून कुणी त्यांना “आई, इथे असाच प्यायचा असतो” म्हणू नये, बशीत ओतून प्यायल्या तरी. स्कोनवर जॅम आधी की क्रीम आधी यावर इंग्लंडातल्या डेव्हन आणि कॉर्नवॉल परगण्यांचंच आजवर जमलेलं नाही, आपण कशाला नियम शिकवायचे?

वेळ दुपारी सव्वातीनची घ्या, पाचची नको. त्या दिवसांत साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि लगोलग गारठा उतरतो. ऊन चांगलं असेल तर पहिली पंधरा मिनिटं हिरवळीवर, सगळे फोटो तिथेच, नैसर्गिक उजेडात. मग आत येऊन फोन पर्समध्ये. पाऊण-एक तास फोटोंशिवाय गेला पाहिजे. धुकं असेल तर हिरवळीचा हट्ट सोडा, खिडकीपाशी बसा. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: सोळा डिसेंबरच्या आसपास खरमास लागतो तो संक्रांतीपर्यंत, इकडच्या लोकांची लग्नं त्यात होत नाहीत. वाढदिवशी तुमच्या शेजारी कुणाच्या वरातीचा बँड वाजणार नाही. एक-दोन जानेवारीला पर्यटकांची गर्दी असते, तेवढे दिवस टाळा. वाढदिवसाची तारीख त्यातच येत असेल तर चहा दोन दिवस पुढे ढकलला तरी चालेल.

औक्षण हॉटेलात नको, सकाळी घरी करा. देवापुढे, नातवंडांच्या हातून, नव्या साडीत. हॉटेलात बाहेरचे पदार्थ सहसा नेऊ देत नाहीत, म्हणून बहादुरा हलवायाचे लाडू आणि तुमच्या हातचा शिरा याच वेळी होऊन जाऊ दे. त्यानं दिवसाला घरचा पाया मिळतो, आणि वन्सं फोनवरून का होईना त्यात असतात.

गाण्याचं एक. बारा जण जमले की कुणीतरी म्हणणारच, “आता तुम्ही एक गाऊन दाखवा ना!” हे होऊ देऊ नका. उतारवयात आवाज साथ देत नाही हे गाणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त कळतं आणि ते चारचौघांत दाखवायला लागणं क्लेशाचं असतं. त्यांची एखादी शिष्या आली तर तिनं बसल्या जागी, तंबोऱ्याशिवाय, त्यांनी शिकवलेली एखादी छोटी बंदिश म्हणावी. ज्या गावात तानसेनाची समाधी आहे, माधव संगीत महाविद्यालय 1918 पासून चालतंय, तिथे गाणं शिकवणाऱ्या बाईला हे ऐकायला मिळणं शालीपेक्षा मोठं आहे. त्यांनी मध्येच सूर मिळवला तर मिळवला.

पैशांचं आधी ठरवा. बिल टेबलावर येता कामा नये. सासूबाईंना आकडा दिसला तर पुढचा महिनाभर त्या तोच आठवून हळहळतील. भावोजींनी हॉटेलकडे आगाऊ भरणा करावा. दर विचारताना ‘करासकट’ विचारा, कारण अशा मोठ्या हॉटेलांत खाण्यावर जीएसटी 18 टक्के लागतो, साध्या उपाहारगृहासारखा 5 नाही. बिलात सेवाशुल्क आपोआप जोडलेलं दिसलं तर ते देणं ऐच्छिक आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच तसं स्पष्ट केलं आहे. वाढणाऱ्या मुलांच्या हातात थेट बक्षिसी द्यावी, ती नातवानं द्यावी.

राहता राहिल्या तुम्ही. “शेवटी राबायचं मलाच” हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी नाही जाणार. पदार्थांची यादी, पैसे, हॉटेलशी पत्रव्यवहार भावोजींनी इंग्लंडातून करावा, त्याला फोन नि ईमेल पुरतात. मैत्रिणींची ने-आण तुमच्या यजमानांनी बघावी, गाडीवाल्याशी बोलण्यापासून दारात हात धरण्यापर्यंत. नोव्हेंबर वन्संचा. तुमच्याकडे दोनच कामं: ती आधीची दोघींची चहाची फेरी, आणि “कोण हवं” हा प्रश्न. ही दोन्ही तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाहीत, कारण त्यांनी ते वाड्याचं वाक्य लेकाजवळ किंवा लेकीजवळ नाही, तुमच्याजवळ काढलं. त्या दिवशी तुमची खुर्ची त्यांच्या शेजारी असू दे, यंत्र ज्या कानाला असेल त्या बाजूला, आणि ‘जरा बघून येते’ म्हणून तुम्ही एकदाही उठू नका.

वन्संना नोव्हेंबरचं सांगणारा फोन मात्र तुम्ही करू नका. तो भावानं बहिणीला करायचा आहे. पौर्णिमांचा हिशेब कागदावर लिहून आज रात्री जेवणानंतर यजमानांच्या हातात द्या.

तुमची,
ताई